मूळ कलाकृतीचं नाव

विज्ञानकथा आणि अद्भुतकथाप्रेमींच्या दोन दिवसांच्या मेळाव्याला ‘विशेष अतिथी’ म्हणून बोलावणं आलं, तेव्हा मी त्याच मिनिटाला हो म्हणून टाकलं. जरा आढेवेढे घ्यावेत, दोनदा विनवायला लावावं, असं माझं वय आहे खरं. पण आम्हाला विचारतं कोण? मी नागपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि वर्षाला एक विज्ञानकथा लिहिते. ती दिवाळी अंकात पाककृती आणि राशिभविष्य यांच्या मधल्या पानांवर येते. वाचक म्हणाल तर माझी धाकटी बहीण. तीही मधलं सोडून शेवट वाचते.

मेळावा वर्धा रोडवरच्या एका लग्नाच्या लॉनवर होता. आयोजक पाच-सहा जण, सगळे तिशीतले, काळ्या टी-शर्टातले. आपसात इंग्रजी, माझ्याशी हिंदी आणि चहावाल्याशी मराठी, अशी त्यांनी भाषांची वाटणी केली होती. मी मराठीत चहा मागितला तेव्हा त्यातल्या एकाने वळून चहावाल्याकडे पाहिलं.

शनिवारी सकाळी मुख्य हॉलमध्ये एक चर्चासत्र झालं. दोन पायांच्या ड्रॅगनला ड्रॅगन म्हणावं की नाही, हा विषय. दाढीवाले दोन गृहस्थ चाळीस मिनिटं भांडले. एक जण तर शेवटी रागाने उठून गेला आणि बाहेर जाऊन गरमागरम ब्रेडपकोडा खाऊ लागला. माझं सत्र होतं ‘भविष्यातली भाषा’. ते दुपारी दोनला, ऐन जेवणाच्या वेळी, ज्या खोलीच्या दारावर ‘वधूपक्ष’ लिहिलं होतं त्या खोलीत ठेवलेलं. श्रोते पाच. त्यातले तिघे मोबाइल चार्जिंगला लावून त्याच्याकडे लक्ष ठेवून बसले होते. उरलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं होतं, साठीच्या पुढचं. मी अर्धा तास बोलले, माझ्या जुन्या कथांतले दोन-चार संवादही वाचून दाखवले. नंतर नवऱ्याने हात वर केला.

“मॅडम, थे दुसऱ्या ग्रहावरचे लोक तुमच्या गोष्टीत मराठी कसे काय बोलतेत? आन् बोलतेत तं एवढं पुण्याचं काहून बोलतेत?”

मी हसले आणि ‘छान प्रश्न’ म्हणाले; वर्गातही मी हेच करते.

ते खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले ऑपरेटर होते. उद्याच्या वेशभूषा स्पर्धेत भाग घेणार आहोत, तुम्ही नक्की पाहा, असं त्यांनी सांगितलं. मी पाहणारच होते, कारण परीक्षकांमध्ये मीही होते. दुसरी परीक्षक एक रील बनवणारी तरुणी होती आणि तिसरे एक दंतवैद्य. दंतवैद्य का, तर मेळाव्याचे प्रायोजक तेच.

रविवारी स्पर्धा सुरू झाली. सिनेमातले तेच ते सहा-सात पोशाख, वेगवेगळ्या मापांत. एकाच्या झग्यावर ऑनलाइन पार्सलच्या घड्या तशाच होत्या. तो चालला की पाठीवर चौकटी दिसत. रीलवाली परीक्षक प्रत्येकाला “ओ माय गॉड” म्हणून आठ गुण देत होती. दंतवैद्य पिशाच्चांचे सुळे तेवढे बारकाईने पाहत होते.

मधल्या वेळेत मी पाणी प्यायला बाहेर आले, तर नोंदणीच्या टेबलापाशी गर्दी. गर्दीच्या मधोमध एक जनावर उभं होतं. गोणपाटाचं अंग, त्यावर राख चोळलेली. सायकलच्या ट्यूबांची लांब मान. सहा हात, आणि त्यातले दोन खरोखर हलत होते, कारण मागे उभी राहून बायको दोऱ्या ओढत होती. आतून कालचाच आवाज आला.

“मॅडम, पोटाले हात लावून पाहा.”

मी हात लावला. पोट कोमट होतं. आत शेकायची रबरी पिशवी बांधली होती.

“हा राख खाते,” ते म्हणाले. “राखेच्या ढिगात राह्यते. खाल्ली का याचं पोट गरम होते. थंडीत लोकं याले टेकून झोपतेत.”

सोळा वर्षं परग्रहवासीयांवर लिहिते आहे, पण थंडीत टेकून झोपावं असा एक प्राणी मला सुचला नव्हता. खरं सांगते, मला कौतुकाआधी हेवा वाटला.

टेबलामागच्या काळ्या टी-शर्टवाल्या मुलीने फॉर्म पुढे सरकवला. “काका, हा रकाना रिकामा आहे. मूळ कलाकृतीचं नाव. कुठल्या मूव्हीतला आहे हा? की गेममधला?”

“कोणच्याच नाई. माहा हाये.”

“तुमचा म्हणजे?”

“म्या काढला. मनातून.”

“मग नाही चालणार.”

“काहून?”

“काका, हुबेहूब जमलाय की नाही हे परीक्षकांना कळणार कसं? कशाशी तुलना करणार?” ती अगदी समजावून सांगत होती. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मागून बायकोने दोऱ्या खाली ठेवल्या. “ज्यानं पहिल्यांदा हे राक्षसं काढले, त्यानं या रकान्यात काय लिहिलं असन वं बाई?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी अतिथी. नियम मूर्खपणाचा आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण त्यासाठी आयोजकांना बोलवावं लागलं असतं, वाद झाला असता, कदाचित पुढच्या वर्षी मला बोलावलं नसतं. मी पेन घेतलं आणि रकान्यात गेल्या दिवाळीतल्या माझ्या कथेचं नाव लिहिलं. त्या कथेत राख खाणारं कोणी नव्हतं. एक उपग्रह होता आणि घटस्फोट घेतलेला एक शास्त्रज्ञ.

“ओह मॅम, आपका कॅरेक्टर!” मुलीचा चेहरा उजळला. “पहले बताना था ना!”

कथा कोणी वाचलेलीच नव्हती, त्यामुळे हरकत घेणार कोण? माझा हा एक मोठा फायदा आहे.

जनावर रंगमंचावर गेलं. निवेदकाने माइकवरून पुकारलं, “आपल्या अतिथी लेखिकेच्या सुप्रसिद्ध कथेतलं पात्र!” टाळ्या पडल्या. आता खरं तेच सांगायचं, तर मी उठून उभी राहिले. दोन्ही हात जोडले, डावीकडे वळले, उजवीकडे वळले. बसून राहता आलं असतं. कोणी बळजबरी केली नव्हती.

निवेदकाने माइक जनावराच्या तोंडाशी नेला. “काका, मॅमचं कॅरेक्टर जिवंत करताना कसं वाटलं?”

“मॅडमची गोष्ट म्या वाचली नाई,” आतून आवाज आला. “हे माह्या मनातलं हाये.”

“किती विनम्र!” निवेदक म्हणाला आणि माइक काढून घेतला.

पहिलं बक्षीस घड्यांच्या झग्याला गेलं. जनावराला उत्तेजनार्थ मिळालं.

मी त्यांना गाठलं ते पार्किंगमध्ये. दोघं मिळून मान सोडवत होते, स्कूटीवर बांधायला. मी म्हणाले, तुम्हाला आत घेत नव्हते म्हणून मी तसं लिहिलं, राग मानू नका.

“राग नाई मॅडम,” ते म्हणाले. “पण आत नसतं घेतलं तं बाहेर उभा राह्यलो असतो. बाहेरबी लोकं पाहूनच राह्यले होते.”

बायकोला एवढा समजूतदारपणा नको होता. “आत घ्यासाठी लिहिलं, ठीक हाये. मंग टाळ्या वाजल्यावर तुमी उभ्या काहून राह्यल्या?”

मी ऊन फार आहे वगैरे काहीतरी पुटपुटले. फेब्रुवारीचा शेवट होता, ऊन होतंही, पण आम्ही तिघंही सावलीत उभे होतो.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, खाली ‘लेखिकेच्या कथेतील पात्र’. आणि चार दिवसांनी दिवाळी अंकाच्या संपादकांचा स्वतःहून फोन! त्या राखेच्या प्राण्यावर मोठी कथा हवी होती, तीही अंकाच्या पहिल्या शंभर पानांत. मी विचार करून सांगते म्हटलं. विचार काय करायचा होता? पहिला परिच्छेद मनात तयार होता. दोन दिवस तो मी मनातल्या मनात सुधारतही होते.

तिसऱ्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली आणि मी खापरखेड्याला त्या दोघांच्या घरी गेले. त्यांनी त्या प्राण्याच्या गोष्टीच्या वह्या काढल्या. सात वह्या! दीड तास वाचून दाखवलं. मधला भाग रटाळ होता, प्राण्याचं लग्न फारच लांबलं होतं. पण सुरुवात अशी होती की मी चहा प्यायला विसरले. परत आल्यावर मी संपादकांना फोन करून म्हणाले, लेखक हे आहेत, यांचीच कथा घ्या, हवं तर शुद्धलेखन मी तपासते.

“यांचं आधी काही छापून आलंय का?” संपादकांनी विचारलं. “नसेल तर तुम्हीच लिहा हो. खाली बारीक अक्षरात त्यांचे आभार टाकू.”

मी नाही म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाले आणि त्यांनी एकदाही विनवलं नाही. यंदाच्या अंकात मी नसेन. राशिभविष्य असेल.

हे सांगायला खापरखेड्याला फोन केला तेव्हा बायकोने उचलला. “थे कामात हायेत,” त्या म्हणाल्या. “सहाव्या हाताची दोरी अटकत होती, थे दुरुस्त करून राह्यले. तुमी या एखांद्या दिवशी. पण येसान तं लग्नाचा भाग कमी करा म्हणा त्याइले. माहं तं ऐकत नाईत.”

आता रविवारी जाते आहे. लाल पेन घेऊन.