सयाजीच्या बंद खिडक्या

मला सयाजी आवडत नाय. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मग कुणी मला शहाणपण शिकवायला नको. माझा धाकटा दीर तो. पन्नाशीला आला, लग्न केलं नाय, आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत, आमच्याच घराच्या पडवीत राहतो. पडवी त्याने स्वतःच्या हाताने बांधली, हे खरं हाय. चांगला गवंडी होता. पण म्हणून काय जन्मभर तिथेच अंडी उबवत बसायचं?

महाडला एमआयडीसीतल्या बांधकामावर पाठ धरली, तेव्हा गवंडीकाम सुटलं. मग शेजारच्या दीपेशने हे खूळ आणून दिलं. दीपेश मुंबईला खेळण्यांच्या दुकानात हाय. तिथे म्हणे मोठमोठे बाप्ये टेबलावर बोटाएवढे प्लास्टिकचे सैनिक मांडून लढाया खेळतात. त्या लढायांना पडकी घरं लागतात. घरांचे तुकडे प्लास्टिकच्या जाळीत अडकलेले येतात. ते कापायचे, पात्याने खरवडायचे, साबणाच्या पाण्यात धुवायचे, चिकटवायचे, वर काळा फवारा मारायचा आणि मग रंग. धुवायला माझं दुधाचं पातेलं. विचारलं तर म्हणतो, "साबणच तर हाय, वयनी." अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा.

तरी मी तोंड आवरलं, कारण माझी सेजल येणार होती. तिला नात्यात दिलीय. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे शिमग्याच्या आत तिला आणायची. दार लावता येईल अशी खोली घरात एकच, ती पडवी. तिच्यात हा, त्याची पडकी घरं आणि डोकं उठवणारा तो रंगाचा वास. माझ्या नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. भावाचा विषय निघाला की जानूच्या तोंडात मिठाची गुळणी.

अशात दीपेश म्हणाला, "काकी, या वेळचं पडक्या घरांचं टेबल मस्त झालं ना, तर आमच्या दुकानाचा सेठ सयाजीकाकांना मुंबईला परमनंट बोलावणार. राहायचं-खायचं दुकानाचं." मी तिथल्या तिथे ग्रामदेवतेला नारळ बोलले. सयाजी गेला की पडवी सेजलची. मग पातेलं गेलं तरी चालेल, म्हटलं.

दीपेशने त्याला एवढंच सांगितलं होतं, की घरं खरी वाटली पायजेत. त्याने खरी केली. वीतभर उंचीच्या भिंती, उडालेला गिलावा, एका अंगाला हिरवं शेवाळ. मेल्याच्या हातात कला हाय, हे मलाही मनात कबूल करावं लागलं. त्याला मात्र बोलले नाय.

न्यायला दीपेश आला. त्याने पहिलं घर उचललं, फिरवलं आणि कपाळाला हात लावला. "काका, ये क्या किया? खिडक्या कुठायत?"

शेवाळाच्या बाजूची एकूण एक खिडकी सयाजीने पट्ट्या चिकटवून बंद केली होती. वरून पेंढ्यासारखा रंगही दिला होता.

"ती पावसाची बाजू हाय," सयाजी म्हणाला. "आडोसा नको?"

आमच्याकडे पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला पेंढ्याचा आडोसा बांधतात. नाय बांधला तर झडीने भिंत बसते. पण हे सगळं प्लास्टिकच्या घराला?

"अहो काका, टेबलाला डोळा लावून बघतात. खिडकीतून पलीकडचा सैनिक दिसला तरच त्याला गोळी मारता येते. खिडक्या बंद म्हणजे गेमच खलास. उघडा सगळ्या."

"मी नाय उघडणार."

"मोडकी घरं आहेत ती! छप्परपण नाय त्यांना."

"मग भिंत तरी नको जपायला?"

गाढवापुढे वाचली गीता. दीपेश सकाळी टेम्पो घेऊन येतो म्हणून तणतणत पोलादपूरला उतरला. मी पदर खोचला आणि पातं हातात घेतलं. दुपारभर बसून एकेक पट्टी सोडवली, खरवडली, रंग सारखा केला. तोंडाने सयाजीचा उद्धार चालूच होता. तो पायरीवर पाठ करून बसलेला. माझं बोट कापलं तेव्हा त्याने हळदीचा डबा माझ्याकडे सरकवला, तोही पायाने.

टेबल मुंबईला गेलं. पुढच्या आठवड्यात दीपेश सेठला गाडीत घालून घेऊनच आला. सेठ भला माणूस, चपला काढून ओटीवर बसला. म्हणाला, "खेळणारे बेहद्द खूश आहेत. ज्यांनी केलं त्यांना मी आजच नेतो. कोणाचं काम हे?"

"आमच्या भावजींचं," मी पटकन म्हटलं. "त्यांची पिशवीसुद्धा भरून ठेवलीय." खरंच भरली होती मी.

सयाजी दारात उभा होता. पिशवीकडे बघितलं, मग सेठकडे. "ती घरं माझी नाय," म्हणाला. "माझ्या खिडक्या बंद होत्या. उघड्या ठेवायच्या असतील तर दुसरा माणूस बघा."

सेठने समजावलं, दीपेशने हात जोडले. पण आडमुठा तो आडमुठाच. शेवटी गाडी धूळ उडवत घाट उतरली. मला वाटलं, आता ही पिशवी याच्या टाळक्यात घालावी. हातातोंडाशी आलेली खोली घालवली मेल्याने.

त्याने पिशवी उचलली, आतले कपडे एकेक करून दांडीवर टाकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वयनी, पडवी पायजे होती तर मागायची. मी नाय म्हटलं असतं? सेजल काय माझी कुणी नाय? पण तू मला घरातून घालवायला निघालीस."

मागू? मी? त्या माणसाकडे?

सोमवारी सेजल आली. तिची खाट मी चुलीपाशी टाकलीय. धुराने बिचारी खोकते. पडवीचं दार दिवसभर उघडंच असतं, आणि तो आत बसून वाट बघतो, मी कधी विचारते त्याची.