वांग्याचा रंग

रेल्वेच्या शेडमधला फिटर दत्तोबा निवृत्त झाला आणि लोणावळ्यात घरामागच्या पडवीत शेगडी, ऐरण नि जुना लेथ मांडून बसला. त्याच्या हातच्या छिन्नीला मावळात तोड नाही, असं लोक म्हणायचे. म्हणू देत! डोळ्यांत पडदा आल्यापासून त्याला रंग ओळखू येत नव्हते, हे त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं.

पाणी दिलेली, म्हणजे लाल तापवून पाण्यात विझवून कडक केलेली छिन्नी घासून पुन्हा हळू तापवली की टोकावर आधी कडब्याचा पिवळा रंग चढतो, मग जांभळा, मग निळा. जांभळ्यावर बुडवायची, उशीर झाला की पोलाद मऊ पडतं. शेगडीशी बसलेली त्याची बायको सरुबाई ओरडायची, "अवं, वांगं झालं, बुडवा!"

सरुबाई जाऊन महिना होत आला. दत्तोबा रडला नाही. जेवला, झोपला, लेथ पुसला. औंढ्याचा सोपान दगड फोडायची छिन्नी पाणी द्यायला घेऊन आला, तेव्हा त्यानं मुकाट भाता ओढला आणि चिमटा धरून वाट बघत राहिला. कशाची वाट बघतोय ते ध्यानात आलं, तेव्हा घाईनं छिन्नी बुडवली.

सोपाननं पहिलाच घाव घातला नि टोक वाकलं.

"आबा, छिन्नी हाय का मेणबत्ती? हात गेला का काय तुमचा?"

एरवी असं बोलणाऱ्याला त्यानं हाकलून दिलं असतं. आज रागही आला नाही.

"हात हाय. रंग सांगणारी गेली. मला न्हाई दिसत, लय वर्सं झाली."

 सोपान शेगडीशी, सरुबाईच्या जागी बसला.

"कसला रंग बगायचा?"

"वांग्याचा. आला की मोठ्यानं सांग."