शेडकार्डावरचा मासा

वाल्मिक सुरतेजवळ कडोदऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कलर मास्तर आहे. कुणी साडीचा बोटभर तुकडा पुढे केला, की तो उन्हात धरून सांगणार, "लालात पिवळा थोडा कमी पडलाय." वीस वर्षांत त्याची शेड क्वचितच परत आली. असा माणूस मासा निवडायला गेला, तर दुसरं काय बघणार?

कोसाडच्या त्याच्या दोन खोल्यांत कपाटाच्या जागी खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे. कपाट गॅलरीत गेलं. रविवारी वाल्मिक ड्रममध्ये मीठ कालवतो, मीटर बुडवतो, पुन्हा चिमूटभर टाकतो. बायको जयश्री म्हणते, "वरणात मीठ विसरलं तर यांना कळत नाही. माशांना मात्र मोजूनमापून!"

टाकीत नारिंगी क्लाऊन माशांची जोडी होती आणि एक जांभळं प्रवाळ. आणलं तेव्हा नखाएवढं, दोन वर्षांत तळहाताएवढं झालेलं. सकाळी टाकीचा दिवा लागला की त्याची बारीक बारीक फुलं उमलायची आणि वाल्मिक चहा घेऊन समोर बसायचा. त्या प्रवाळावर त्याचा जीव होता.

टाकीत आता एकाच माशाची जागा उरली होती. त्या एकासाठी तो पर्वत पाटियाला कुंदनच्या माशांच्या दुकानात गेला, खिशात मिलचं रंगछटांचं शेडकार्ड घेऊन. काचेला कार्ड लावत अर्धा तास फिरला आणि पिवळाधमक बटरफ्लाय मासा पक्का केला. जांभळ्या साडीला पिवळा काठ!

"मास्तर, रंग राहू द्या, तोंड बघा," कुंदन म्हणाला. "चिमट्यासारखं आहे. हा प्रवाळ टोचून खातो."

"घरी पोटभर मिळाल्यावर बाहेरचं कोण खातं?"

"तुम्ही. समोरच्या गाडीवर, लोचो."

वाल्मिक पैसे देऊन मासा घरी घेऊन आला.

चार दिवसांत प्रवाळ मिटलं. वाल्मिकने पाणी बदललं, दिवा उंच केला. मिलमध्येही शेड बिघडली की तो आधी ट्यूबलाइटला दोष देतो. जयश्री मात्र घरीच साड्यांना टिकल्या लावते, दिवसभर टाकीशेजारी बसून.

"आते देखा, आता बघाच," पाचव्या दिवशी ती म्हणाली. "तुम्ही बाहेर पडलात की ही पिवळी सून एकेक फूल टोचून खाते. तुम्ही आलात की कोपऱ्यात उभी, डोक्यावर पदर घेऊन."

वाल्मिक दाराआड लपून बघू लागला. टुक. टुक. अर्धं प्रवाळ कुरतडून झालं होतं.

मग धरपकड झाली. जाळी खडकांत अडकली, वाल्मिक खांद्यापर्यंत भिजला, सून कपारीत. शेवटी जयश्रीने पाण्याची बाटली कापली, तोंडाकडचा भाग उलटा खोचला आणि आत कोळंबीचा तुकडा टाकून ती टाकीत ठेवली. थोड्याच वेळात सून बाटलीत.

मासा बदलायला तीही सोबत गेली. तिने कुंदनला दोनच गोष्टी विचारल्या, "काय खातो? केवढा होतो?" कुंदनने एक मातकट ब्लेनी दाखवला. शेवाळ खातो, बोटाएवढा राहतो, प्रवाळाच्या वाटेला जात नाही.

"हा?" वाल्मिक कळवळला. "असा रंग निघाला तर आम्ही कापड काळ्यात बुडवून टाकतो!"

"मला बघायला आलात तेव्हा कार्ड घरी विसरला होतात वाटतं," सावळी जयश्री म्हणाली. कुंदनने हसू दाबत ब्लेनी पिशवीत भरला.

तीन आठवडे वाल्मिकने त्या माशाकडे बघितलं नाही. मासा खडकावर कोपरं टेकून बसायचा, डोळे फिरवायचा, काचेवरचं शेवाळ खरवडायचा. आणि एका सकाळी प्रवाळाच्या कडेला पाच-सहा फुलं उघडलेली दिसली. वाल्मिकचा चहा गार झाला. मग त्याने शेडकार्ड काढून फुलांशेजारी बसलेल्या ब्लेनीसमोर धरलं.

"हा नुसता मातकट नाही गं. पोटाकडे हिरवट झाक आहे, डोळ्याला सोनेरी कडा. ही शेड कार्डावर नाहीच."

"मग?"

"मिलमध्ये काढून बघतो. तुला साडीच करतो एक."

"करा," टिकली चिकटवत जयश्री म्हणाली, "नंतर काळ्यात बुडवू नका म्हणजे झालं."