तात्या आणि उघाडीच्या फळ्या

तात्यांचं काम माझ्यामुळे गेलं.

आज तात्या गेले.

तात्या माझे चुलते. पेणजवळ खाडीकाठी आमचं गाव. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध, आणि बांधात उघाडी. ओहोटीला शेतातलं पाणी सोडायचं, भरतीआधी फळ्या टाकून उघाडी बंद करायची. हे काम तात्यांचं.

मी तेव्हा रोह्याला बीएला. विषय फिलॉसॉफी.

तात्या कशालाच चटकन हो म्हणत नसत. बघून सांगतो, म्हणत. मी त्यांना चेष्टेनं ‘फिलॉसॉफर’ म्हणू लागलो. गावानं ते उचललं.

नव्वदीतली एक अमावास्या, भाद्रपदातली. काकीला पेणला डॉक्टरकडे न्यायचं होतं. तात्या उघाडी माझ्यावर सोपवून गेले. पाणी फिरलं की फळ्या टाक, म्हणाले.

मी तिथीवरून हिशोब केला. भरती बाराला, म्हणजे साडेअकराला टाकल्या तरी चालेल. बांधावर वाचत बसलो.

मान वर केली तेव्हा पाणी आत शिरत होतं. बाराला भरती पूर्ण होते; पाणी त्याच्या कितीतरी आधी फिरतं. जोर एवढा, की फळ्या खाचेत बसेनात.

गावाचं पोटरीला आलेलं, लोंब्या धरायच्या बेतातलं भात खाऱ्या पाण्यानं गेलं.

देवळात गाव बसलं. बांधावर मी होतो हे तात्यांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, “फिलॉसॉफरला तरी ठाव हाय का, काय झालं ते?” दोघंतिघं हसले.

तात्या म्हणाले, “मी तिथं नव्हतो. मी बघितलं नाय. ज्याला ठाव हाय तो सांगल.”

मी खांबाला टेकून बसलो होतो.

बोललो नाही.

गावानं उघाडीचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं.

घरी आल्यावर विचारलं, माझं नाव का नाही घेतलंत?

“तुज्यावर सोपवलं, ती माजी चूक. तू काय केलंस ते मी कुठं बघितलं? तू सांग.”

म्हटलं, फळ्या फुगल्या होत्या.

सकाळी ते बांधावर गेले. एकेक फळी खाचेत घालून बघितली. परत येऊन एवढंच म्हणाले, “बसतात रं.”

आणि थांबले. मी काही बोलेन म्हणून.

मी रोह्याची एसटी पकडली.

तात्या पुढे डोलवीला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर गवत काढायला जात. मी प्राध्यापक झालो. फिलॉसॉफर म्हणजे कोण, हे दर वर्षी पहिल्या तासाला शिकवलं.

बघितलं तेवढंच बोलणारा, आणि दुसऱ्याचा शब्द उठून तपासून बघणारा माणूस मी एकच पाहिला. वर्गात त्याचं नाव कधी घेतलं नाही. घेतलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं.

दहाव्याला गाव जमेल. तिथे उभा राहून हे सांगेन.

श्रद्धांजली त्यानंतर.