शेडच्या दोऱ्याचा राघू

मुलगी बघायला आलेल्या बायका त्या काळी तिचं भरतकाम मागत, आणि हातात आलं की आधी उलटं करत. मागची बाजू नीटनेटकी, तर संसारही नीटनेटका, असा त्यांचा हिशेब. हिशेब कसला, खोड. पण त्या खोडीपायी डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत आईचा जीव टांगणीला लागलेला असे.

कारण माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, जवळचं दिसत नव्हतं. रस्त्यावरचा माणूस ती लांबून ओळखी, पण तिच्या सुईत दोरा मी ओवायची. चष्मा लागलेली मुलगी घरातच राहते, असं आईचं ठाम मत होतं. त्यामुळे चष्मा नाही, आणि ही गोष्ट बाहेर बोलायचीही नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. ठाण्याचं स्थळ आलं. मुलाची आत्या भरतकामात पटाईत, असं कळल्यावर आईने मॅटीच्या भोकाभोकांच्या कापडावर फुलीच्या टाक्याचा राघू काढायचं ठरवलं, तोही शेडच्या दोऱ्याने. एकाच लडीत गर्द हिरव्यापासून पोपटीपर्यंत रंग उतरत जाणारा तो दोरा कल्याणला मिळे. ताईने दुकानदाराला दहा-बारा लड्या काढायला लावल्या. हात लांब करून एकेक उजेडात धरली. गर्दानंतर एकदम फिका रंग आला की ती लडी बाजूला. दुकानदार वैतागला, मीही वैतागले. शेवटी सावकाश रंग उतरणाऱ्या तीन लड्या तिने घेतल्या.

राघूचं डोकं आणि मान तिने बोटांनी भोकं चाचपत भरली. आठवड्याभरात डोळ्यांना धार लागली, तेव्हा आईने पंख आणि शेपूट माझ्यावर सोपवलं. कुणाला कळता कामा नये, असं बजावून.

साध्या दोऱ्याने आम्ही आधी ओळभर तिरके टाके घालत जायचो आणि परत येताना त्यांच्यावर फुल्या पुऱ्या करायचो. काम झपाट्याने होतं. शेडच्या दोऱ्याला ते चालत नाही. एक फुली पुरी करूनच दुसरी घ्यायची, नाहीतर खाली एक रंग आणि वर भलताच. ताईने हे मला दोनदा सांगितलं होतं. पण मी बारा वर्षांची, आणि बाहेर मैत्रिणींचा लंगडीचा डाव रंगलेला. मी ओळी धरल्या.

पंख शेवाळल्यासारखा दिसायला लागला. उसवायचं जिवावर आलं आणि सांगायची छाती नव्हती. आईने मागची बाजू बघितली आणि समाधानाने मान हलवली. मग ताईने कापड खिडकीशी लांब धरलं आणि बराच वेळ बघत राहिली. "छान झालंय," म्हणून तिने घडी घातली.

रविवारी आत्याबाईंनी राघू उलटा केला, मग सुलटा. मानेवरून फिरणारं त्यांचं बोट पंखाशी थांबलं.

"मुली, हे सगळं तुझ्याच हातचं का?"

आई पटकन हो म्हणाली. आत्याबाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यात चार फुल्या घालून दाखव, एवढंच त्या ताईला म्हणाल्या. मी धावत सुई आणली, निदान ओवून तरी देऊ म्हणून. घाईत दोरा जाईना. ताईने सुई माझ्या हातातून काढून घेतली आणि खाली ठेवली.

"मला जवळचं दिसत नाही," ती म्हणाली. "पंख हिने भरलाय."

पाहुण्यांनी चहा संपवला, आणि चार बरे शब्द बोलून ते गेले. ठाण्याहून पुन्हा काही निरोप आला नाही.

आईने माझ्या पाठीत एक धपाटा घातला, तो मला रास्तच वाटला. संध्याकाळी मागच्या पायरीवर मी ताईपाशी रडले. माझ्या घाईने तुझं लग्न मोडलं, म्हणाले.

"मला तेव्हाच दिसलं होतं," ताई म्हणाली. "भोकं दिसत नाहीत गं, रंग दिसतात."

मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"बोलले असते, तर तू उसवून नीट भरलं असतंस. आणि मग त्या घरात जन्मभर मला सुई कोण ओवून देणार होतं?"