चिठ्ठीतला जिना

काल नातीने घराण्याचा इतिहास लिहायला तिच्या इटालियन पणजोबांची कागदपत्रं टेबलावर पसरली. दवाखान्याची एक पिवळी पडलेली चिठ्ठी वाचून तिने विचारलं, “आजोबा, हे जिन्यावरून पडले होते?”

मी साठ वर्षं मागे गेलो. जर्मनीत ब्राउनश्वाइगला शिकत असताना मी सुट्टीत कारखान्यात काम करायचो आणि माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा पिएत्रो शेजारच्या यंत्रावर असायचा. एका रविवारी दुपारी आम्ही बिअर प्यायला गेलो. दारातच तिघांनी त्याला ओढलं. “इटालियन इथे चालत नाहीत!” एकाने त्याचे हात मागे पिरगाळले, दुसऱ्याने तोंडावर बाटली फोडली. तो पडला तरी ते बुटांनी बरगड्या तुडवत राहिले. फरशीवर बिअर आणि रक्त एकत्र वाहत होतं. मला कुणी बोटही लावलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा पिएत्रो फुटक्या ओठांनी माझ्या कानात पुटपुटला, “जिन्यावरून पडलो म्हण. भांडण कळलं तर कामावरून काढतील.” मग मीच डॉक्टरांना तसं सांगितलं. मलाही पोलीस नकोच होते.

पुढे त्याच्या मुलीशी माझं लग्न झालं. तिलाही आम्ही दोघांनी तेच सांगितलं.

“नाही गं,” मी नातीला म्हणालो. “त्यांना मारलं होतं. मी तिथेच होतो.”

तिने पेन उचललं आणि मराठी सोडून जर्मनमध्ये विचारलं, “आणि तुम्ही काय केलंत?”

“मी भिंतीला चिकटून उभा होतो,” मी म्हणालो. “तेही लिही.”