भर उन्हात पळवणाऱ्या परब मॅडम

भर मे महिन्यात, रविवारी दुपारी, टळटळीत उन्हात आख्ख्या वाडीला पळायला लावणारी बाई मी आयुष्यात एकच बघितली. ताटातली सुरमई अजून संपायची होती आणि बाहेर कोणीतरी स्टीलच्या थाळीवर पळी बडवायला लागलं. मला वाटलं भांडण लागलं, म्हणून मी हात न धुताच दारात आले. भांडण चुकवणं माझ्या स्वभावात नाही. बघते तर वाडीच्या मधोमध एक ठेंगणीठुसकी बाई. पदर कमरेला खोचलेला, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, आणि पायात गमबूट. मे महिन्यात गमबूट!

"दरड आली! बघताय काय, पळा!" ती ओरडत होती.

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. टेकडी जागच्या जागी, कोरडी ठणठणीत. भिंतीवर मांजर झोपलेलं. शेजारचे बाळामामा, गिरणीतून रिटायर झालेले आणि तेव्हापासून कोणाचंच न ऐकणारे, टॉवेलवरच बाहेर येऊन म्हणाले, "ओ बाई, कुठे आहे दरड?"

"ऑगस्टमध्ये आहे," ती म्हणाली. "पळा!"

तर ह्या परब मॅडम. वॉर्ड ऑफिसात आपत्ती व्यवस्थापनाचं काम बघायच्या. आमची वाडी रे रोडच्या लाकडाच्या वखारी मागे टाकून चढ लागतो ना, तिथल्या टेकडीच्या पोटाशी. सगळी घरं कोकणातली. आजे-पणजे गिरणीत आले, ते तिथेच टेकडी कोरून राहिले. डोक्यावर जुनी दगडी भिंत, तिच्यावर माती, त्याच्यावर आणखी कोणाची तरी वस्ती. दरवर्षी पावसाळ्याआधी ऑफिसचा माणूस यायचा, दारावर नोटीस चिकटवायचा. 'आपण धोकादायक ठिकाणी राहत असून आपल्या जबाबदारीवर राहत आहात.' आम्ही तिच्यावर लाईटचं बिल अडकवायचो.

परब मॅडमना ह्या नोटिशीचा विलक्षण राग. "नोटीस वाचून कोणी जिवंत राहिलंय का आजपर्यंत?" त्या म्हणायच्या. "ही तुमच्यासाठी नाहीये. ही आमच्यासाठी आहे. उद्या तुम्ही मेलात तर आम्ही सुटावं म्हणून आहे." सरकारी बाई सरकारबद्दल असं बोलते हे ऐकून आम्ही गारच झालो. मग त्यांनी ठरवून टाकलं, नोटीस चिकटवायची ती चिकटवू, पण माणसं पळवून बघू. थाळी वाजली की वाडीतून खाली म्युनिसिपालिटीच्या शाळेपर्यंत पळायचं. हातात काही घ्यायचं नाही. "हात माणसं धरायला ठेवा. टीव्ही नंतर येतो, म्हातारी येत नाही." कोणी कोणाला धरायचं तेही त्यांनीच ठरवलं. माझ्या नशिबी बाळामामा आले, कारण त्यांचा गुडघा गेलेला. शाळेच्या फाटकापर्यंत आम्ही दोघं भांडत पोचलो. मॅडम म्हणाल्या, "छान. भांडतंय म्हणजे श्वास चालू आहे."

मी दादरला साड्यांच्या दुकानात आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून जीभ तयार झालीय, त्यामुळे पहिल्या वर्षी मीच त्यांना सुनावलं होतं. म्हटलं, "मॅडम, आम्ही काय सर्कशीतली माणसं आहोत? फायर ब्रिगेड आहे, तुमची ती बचाव पथकं आहेत, नावा आहेत, ते काय शोभेला?"

त्या चिडल्या नाहीत. माझ्या ओट्यावर बसल्या, पाणी मागितलं, गटागट प्यायल्या. "येणार ना. सगळे येणार. मीच बोलावणार त्यांना," त्या म्हणाल्या. "पण तेही त्याच पाण्यातून येणार गं. हिंदमाताला छातीभर पाणी असलं की गाडी काय उडत येईल? आधी पाय, मागून सरकार." हे त्यांचं पेटंट वाक्य. आधी पाय, मागून सरकार. पुढे पुढे वाडीतली पोरं त्यांना लांबून बघूनच ते ओरडायची.

एकदा मात्र मी त्यांना कौतुकाने म्हटलं, मॅडम, तुम्ही आम्हाला पळायला शिकवलंत. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "ह्यात कौतुक काय? भिंत बांधायला पाहिजे. ती बांधत नाहीत म्हणून मी पळायला शिकवते. माझी लाज आहे ती," असं म्हणून उठून भिंतीपाशी गेल्या आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा तिला हात लावून उभ्या राहिल्या. भिंतीसाठी त्यांनी वर किती डोकं फोडलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. साहेब लोक त्यांना टाळायला लागले होते एवढं आम्हाला दिसत होतं.

आता थाळी खरोखरीची वाजली त्या वर्षीची गोष्ट. गणपती बसले आणि पाऊस लागला. पाऊस म्हणजे कसला, आभाळ फाटल्यासारखा. दीड दिवसाचे गणपती कसेबसे विसर्जन होऊन गेले, आमचे वाडीतले सगळे पाच दिवसांचे, ते घरात. परळला पाणी, लालबागला पाणी, गाड्या बंद. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीतून गढूळ पाणी यायला लागलं. दगडांच्या फटीतून, जिथून कधीच येत नव्हतं तिथून. भिंत मधोमध पोटासारखी पुढे आली.

परब मॅडम कमरेभर पाण्यातून चालत आल्या. त्यांच्या स्वतःच्या घरी, लालबागला, गणपती बसलेला. तो नवऱ्यावर सोडून आल्या होत्या. आल्या आल्या थाळी वाजवली. जीव खाऊन वाजवली. माणसं दारात आली, आणि दारातच उभी राहिली. एकही पाऊल खाली पडेना.

कारण मे महिन्यात घरात गणपती नव्हते! एवढ्या वेळा पळालो, पण हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मॅडमच्याही नाही. गणपती घरात असताना घर बंद करायचं नाही, देवाला एकटं सोडायचं नाही, समई विझू द्यायची नाही. आणि एकदा पाटावर बसवलेली मूर्ती विसर्जनाच्या आधी हलवायची नाही. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ते त्याच्या रक्तातच असतं.

आमच्या सासूबाई तर गणपतीसमोर मांडी ठोकून बसल्या. आमचं घर भिंतीला अगदी लागून, मखराच्या मागे हातभरावर ती फुगलेली भिंत. मी हात जोडले, नवऱ्याने उचलायचा प्रयत्न केला, तर त्याच्या हातावर चापट. "देवाक एकट्याक टाकून मी येवचंय नाय. मराण येवचा तर देवाच्या फुडे येवंदे." आणि म्हातारी हलत नाही म्हटल्यावर वाडी हलेना. आम्ही कसे जाणार तिला टाकून?

मॅडमचा फोन वाजला. साहेब होते. मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला, मुद्दाम टाकला असं मला अजून वाटतं. साहेब म्हणाले, "लोक ऐकत नाहीत ना? मग नकार लिहून घ्या, सह्या घ्या, फोटो काढा आणि निघा तुम्ही तिथून. तुमच्या जिवाला काही झालं तर मला उत्तर द्यावं लागेल."

"सह्या घेऊन काय करू, साहेब?" मॅडम म्हणाल्या. "ह्यांच्या तेराव्याला वाचून दाखवू?" आणि फोन बंद करून पदरात खोचला.

मग त्यांनी गमबूट काढले. पागोळीखाली हात धुतले, पाय धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि आमच्या घरात येऊन गणपतीसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, ह्याही आता हात जोडून बसतायत की काय! तर त्यांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते घरातल्या नाहीतर गावातल्या मोठ्या पुरुषाने. बाईने घातलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. बाळामामांनी तोंड उघडलं होतं बोलायला, पण आवाज असा काही खणखणीत लागला की ते उघडंच राहिलं.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाशी उभी असत रे म्हाराजा!"

आता गाऱ्हाणं चालू झालं की कोकणातला माणूस गप्प राहूच शकत नाही. दारातून, ओट्यावरून, पावसातून आवाज आला, "होय म्हाराजा!"

"वरची टेकडी पाण्यान फुगली असा, भितीक तडे गेले, पाऊस काय थांबणा नाय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तू आमचो पावणो. पडक्या घरात पावण्याक कोण ठेवता? तुका पाटावरसून हलवचा नसता, ह्या आमका ठावक असा. तरी आज तुका हलवतंव. त्येचो जो काय दोष लागतलो, तो ह्या परबाच्या चेडवाक एकलीक लागांदे, लेकरांक लागा नको रे म्हाराजा!"

कोणी होय म्हटलं नाही. काय म्हणणार? होय म्हटलं की दोष त्या बाईच्या माथी. पावसाचा आवाज तेवढा राहिला, आणि भिंतीमागे कुठेतरी खडखड करत एक दगड घरंगळला. मॅडम हात जोडून तशाच उभ्या.

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तुका एकलीक कित्याक गे?" त्या मॅडमना म्हणाल्या आणि गणपतीकडे वळून त्यांनीच पुढचं गाऱ्हाणं उचललं. "दोष लागतलो तो सगळ्यांक वाटून लागांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अशी आरोळी उठली की अजून आठवली तरी अंगावर काटा येतो.

मग काय विचारता! पाटासकट गणपती डोक्यांवर चढले. कोणी प्लास्टिक धरलं, कोणी छत्री, कोणी मेणकापड. सासूबाईंनी आमचा गणपती दुसऱ्या कोणाला घेऊच दिला नाही, त्या पुढे आणि मागे सगळी वाडी. मी एका हाताने बाळामामांना धरलेलं आणि दुसऱ्या हातात समई, पदराखाली. शाळेला सुट्टीचं कुलूप. मॅडमनी साहेबांना फोन लावला, साहेब म्हणाले परवानगी घ्यावी लागेल. मॅडम म्हणाल्या, "घ्या तुम्ही, तोवर मी उघडते," आणि दगडाने कुलूप फोडलं. तिसरीच्या वर्गात बाकांवर सगळे गणपती ओळीने बसले, फळ्यावर अजून बे एके बे लिहिलेलं. आरती अर्ध्यावर आली होती तेव्हा भिंत गेली. जमीन हादरली, टाळ थांबले. मॅडम ओरडल्या, "आरती पुरी करा!" आणि आम्ही रडत रडत पुरी केली.

आमच्या घराचं मखर होतं त्या जागी छतापर्यंत चिखल आणि दगड होते. वाडीतलं एकही माणूस गेलं नाही. बचाव पथक आलं, वेळेत आलं असंच म्हणेन मी, बिचारे गळ्यापर्यंत पाण्यातून आले होते. त्यांना उपसायला माती होती, माणसं नव्हती. त्यांचा मुख्य मॅडमना म्हणाला, "मॅडम, असं रिकामं ठिकाण आम्हाला कधी मिळत नाही." तेव्हा पहिल्यांदा त्या खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या.

पुढे काय झालं? जे होतं तेच. ऑफिसने त्यांच्याकडे खुलासा मागितला. कुलूप का फोडलं, आणि सरकारी शाळेत विनापरवाना धार्मिक कार्यक्रम का केला. मॅडमनी लिहून दिलं, 'सदर गणपती आपद्ग्रस्त होते.' मग त्यांची बदली केली, जन्म-मृत्यू नोंदणीत. नातीचा दाखला घ्यायला मी गेले तर खिडकीमागे त्याच, चष्मा नाकावर. मला भरून आलं. म्हटलं, मॅडम, ही काय जागा झाली तुमची?

"चांगली आहे की," त्या म्हणाल्या. "आता तुमच्या वाडीतल्या कोणाचंही नाव दरड कोसळून म्हणून माझ्या टेबलावर आलं ना, तर मी नोंदच करणार नाही. सांगून ठेव सगळ्यांना. मरायची परवानगी नाही." मग दाखला हातात देत हळूच विचारलं, "भिंत?"

मी मान हलवली. अर्धीच बांधलीय, आणि आम्ही चिखल उपसून त्याच घरांत परत आलोय. तुम्ही म्हणाल, मग परत तिथेच का राहता? बरोबर आहे, विचारणं सोपं असतं. आम्हाला दिली होती घरं, मुंबईच्या पार टोकाला. तिथून दादरला कामावर कसं यायचं आणि बाळामामांना दवाखान्यात कसं न्यायचं, ते त्या कागदावर लिहिलं नव्हतं. आम्ही भिंत मागतोय. दर सोमवारी वॉर्ड ऑफिसात जाऊन बसतो, हाकललं की परत जातो. मिळेपर्यंत जाणार.

ह्या मे महिन्यात नवीन साहेब आला. पोरगा सभ्य होता. दारोदार नोटीस चिकटवली, प्रत्येक दाराचा मोबाईलवर फोटो काढला, "घर नीट दिसलं पाहिजे" म्हणाला आणि गेला. थाळी वाजवायला कोणी नव्हतं. रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो. सगळ्यांचे कान बाहेर.

तेवढ्यात बाहेर थाळी वाजली. धावत दारात गेले तर वाडीच्या मधोमध आमच्या सासूबाई. पदर खोचलेला, डोक्यावर गणपतीचा पाट, त्याच्यावर काहीच नाही. थाळी-पळी शेजारणीच्या हातात देऊन म्हातारी उतरणीला लागलीसुद्धा. "दरड इली! पळा!"

मी बाळामामांचा दंड धरला. ते लंगडत लंगडत ओरडले, "अगे म्हातारे, पाट तर रिकामो असा!"

तिने मागे वळूनही बघितलं नाही. "आज रिकामो असा. चवतीक भरललो असतलो. पळ!"